कोपऱ्यातली शिवांजली

वीरधवल आमच्याकडं कामाला आला तेव्हा हा पोरगा कुणाच्या नजरेला नजर देऊन दोन वाक्यं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. चहा घेणार का विचारलं तर तो आधी कपाकडं बघायचा, मग माझ्या चपलेकडं, आणि मग घेतला तर घेतला. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीनं माणसं कमी केली त्यात हा निघाला होता. गाव फलटणच्या पुढं, वडील नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, एकुलता एक मुलगा. असल्या घरात पोरगं असं मुखदुर्बळ कसं निपजलं हे देवालाच ठाऊक.

मी मतीन. पलूसला अमृतशेठचा फवारणीच्या यंत्रांचा कारखाना आहे, तिथलं सुट्या भागांचं गोदाम मी सांभाळतो. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागं जोडायचा ब्लोअर आम्ही बनवतो. छाटणी झाली की बागायतदार दिवसाआड औषध मारत असतो, आणि ब्लोअर बिघडायचा तो नेमका ढग आलेले असतानाच बिघडतो. मग माणूस फोन करतो, फोन लागत नाही, मग तो चिडतो. शेठनं कुठल्याशा कृषी प्रदर्शनात पाहिलं की वेबसाइटच्या कोपऱ्यात एक गोल बटण असतं, ते दाबलं की समोरचं माणूस लिहून उत्तर देतं. तयार मिळतं ते दरमहा पैसे मागतं म्हटल्यावर शेठ म्हणाले, आपला पोरगा कशाला आहे, बनवेल की.

आणि त्यानं बनवलं, ते माझ्या गोदामात, पॅकिंगच्या टेबलावर बसून. मला त्यातलं कळत नाही असं नाही, मला हौस नाही इतकंच. पण त्यानं सांगितलं ते लक्षात राहिलं. साधी वेबसाइट म्हणजे दर वेळी दार वाजवायचं, काम सांगायचं आणि परत फिरायचं. चॅटमध्ये तसं चालत नाही. शेतकऱ्याचा मोबाईल आणि आपला लॅपटॉप यांच्यामध्ये एक वाट सतत उघडी ठेवायची, इकडून टाकलं की तिकडं पडलं पाहिजे, तिकडून टाकलं की इकडं. ती वाट मधेच तुटायची. आमच्याकडं रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. वाट तुटली की आपोआप पुन्हा जोडायची हे जमवता जमवता त्याचे डोळे सुजले. मी गोणींवर बसून मोबाईलवरून काहीबाही लिहायचो आणि तो लॅपटॉपवर बघायचा. समोरचा लिहायला लागला की तीन ठिपके हलतात, ते पहिल्यांदा हलले तेव्हा गडी चक्क हसला. जुनं बोलणं साठवायची सोय मात्र त्यानं केली नव्हती. खिडकी बंद केली की सगळं पुसून जायचं. ते नंतर करू, म्हणाला.

सुरुवातीला त्या बटणाला नाव होतं 'ग्राहक सेवा'. लोकांनी त्या ग्राहक सेवेची अशी पूजा बांधली की विचारू नका. आमच्याकडं माणूस चिडला की आधी आईवरून सुरुवात करतो, पंपाचं नंतर बघतो. शेठ म्हणाले, एखाद्या मुलीचं नाव घाल. वीरधवलनं घातलं. 'शिवांजली'. फोटो नव्हता, गुलाबी गोलात नुसता 'शि'. आणि काय सांगू, कालपर्यंत शिव्या घालणारी माणसं ताई म्हणायला लागली. दिवाळीनंतर खरी मुलगी नेमू असं शेठ म्हणाले होते. दिवाळी झाली, मुलगी काही नेमली नाही. शिवांजलीच्या जागी वीरधवलच लिहीत राहिला.

इथवर हसण्यावारी न्यावं असंच होतं, आणि मीही नेलं. शिवाताई म्हणून चिडवलं त्याला. पण एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. हा पोरगा शिवांजली झाला की वेगळाच माणूस व्हायचा. 'काका, उन्हात उभं राहून लिहू नका, सावलीला जा, मी थांबते.' 'आधी भाकरी खाऊन घ्या, मशीन कुठं पळून जात नाही.' असली वाक्यं त्याच्या तोंडातून मी जन्मात ऐकली नव्हती, बोटांतून मात्र धाडधाड पडायची. आणि काम चोख करायचा. मला विचारून विचारून नोझलपासून डायफ्रामपर्यंत सगळं शिकला होता. मी एकदा विचारलं, हे सगळं सुचतं कुठून? तो म्हणाला, "मतीनभाई, माझं नाव घालून मला आसं बोलायला येतच न्हाई."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. पुरुषाला गोड बोलायला बाईचं नाव का लागावं? पण आमच्या मुलखात बापलेकसुद्धा एकमेकांशी बैलाला हाकलल्यासारखे बोलतात, हेही खरं.

कवठे महांकाळकडचे लालासाहेब त्या बटणावर आले ते पंपाच्या डायफ्रामसाठी. डायफ्राम म्हणजे पंपातला रबरी पडदा, तो फाटला की दाब जातो. वीरधवलनं त्यांना तो घरच्या घरी बदलायला शिकवला. त्यानंतर काही बिघडलेलं नसतानाही ते सकाळी यायला लागले. एका बोटानं लिहायचे. ते तीन ठिपके इतका वेळ हलायचे की वीरधवलचा चहा पिऊन व्हायचा, आणि मग चारच शब्द यायचे. बायको वारलेली. घरात दोनच माणसं, ते आणि मुलगा शंभूराज. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून बाग उभी आहे, घर बांधलंय, पोरगं शेतीचं शिकलंय, निर्व्यसनी आहे. पण मुलगी बघायला गेलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न, नोकरी कुठं? शेती म्हटलं की चहा लगेच येतो. लवकर चहा येणं म्हणजे लवकर उठा, हे त्यांनीच लिहिलं होतं.

आणि एका सकाळी त्यांनी विचारलं, पोरी, गाव कंचं तुमचं?

आता तुम्ही म्हणाल, काहीतरी थाप मारायची किंवा विषय बदलायचा. पण सातारा-सांगलीच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही हो. एसटीत शेजारी बसलेला माणूसही तिकीट काढायच्या आत विचारतो. गाव कुठलं, मग आडनाव काय, मग मामाचं गाव कुठलं, आत्या कुठं दिली, म्हणजे तुम्ही अमक्यातमक्याचे पाहुणे का? उत्तर दिलं नाही तर माणूस चोर ठरतो. वीरधवल लहानपणापासून या प्रश्नांना उत्तरं देत आलेला. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, त्यात विचार कसला करायचा? त्यानं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वडील सुभेदार आहेत हे सांगितलं, मामा माणचे, आत्या खटावात दिली हेही सांगितलं. सगळं खरं. नाव तेवढं खोटं.

पण हेच प्रश्न पुरुषाला विचारले तर ती ओळख असते आणि लग्नाच्या मुलीला विचारले तर ती सोयरिकीची चौकशी असते. मुलीनं न लाजता मामाचं गाव सांगितलं याचा लालासाहेबांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. त्यात त्यांचं काय चुकलं? मी असतो तरी तोच घेतला असता. आमच्यातही हेच चालतं.

पाहुण्यांच्या साखळीत एक कडी सापडली की सगळी साखळी हातात येते. खटावातून माणचा, माणातून फलटणचा असा त्यांनी माग काढला. सोयरीक आधीच फिसकटू नये म्हणून मुलीचं नाव कुठं काढलं नाही, नुसतं घर विचारलं. रविवारी वीरधवल गावी गेला होता. दुपारची जेवणं झाली होती, सुभेदार ओट्यावर पेपर वाचत होते, आणि दारात गाडी उभी राहिली. तिच्यातून लालासाहेब, त्यांचे चुलतभाऊ, मेहुणे आणि मध्यस्थी करणारा एक पाहुणा उतरले. हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीत नारळ. पुढचं मला वीरधवलनं सोमवारी गोदामात सांगितलं, आणि सांगताना तो सारखा पुठ्ठ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी सोलत होता.

सुभेदारांनी पाहुणे म्हणून आत घेतलं. पाणी झालं, पाऊसपाणी झालं. मग मध्यस्थानं घसा साफ केला आणि म्हणाला, आमी शिवांजलीला बघायला आलोय. सुभेदार म्हणाले, कोण शिवांजली? मला मुलगी नाही. हा एक मुलगा.

लालासाहेबांनी पुन्हा गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं. सगळं जुळत होतं. सुभेदारांचा आवाज चढायला लागला. माझ्या घरची माहिती तुम्हाला दिली कुणी? लालासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला, दाखवतो म्हणाले, आणि ते गोल बटण दाबलं. खिडकी उघडली ती कोरी. 'नमस्कार, मी शिवांजली, काय मदत करू?' एवढंच. बाकी सगळं केव्हाच पुसलं गेलेलं. ते पुन्हा पुन्हा बोट लावत राहिले. चुलतभाऊ वाकून बघून म्हणाला, "मोबाईलमधली पोरगी व्हय दादा ही? आनि आमी नारळ घेऊन आलो." मेहुणा हसला. मध्यस्थ दुसरीकडं बघायला लागला. म्हातारा एकटेपणानं चळला, असं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

वीरधवल आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. एवढंच, की काका खरं सांगतायत. ते वाक्य गळ्यापर्यंत आलं आणि समोर बाप दिसला. सुभेदाराचा पोरगा मोबाईलवर बाई होऊन गोड गोड लिहितो, हे गावात गेलं असतं तर बापानं चावडीवरून कसं जायचं? तो गप्प राहिला. तोच नव्हे, त्याची बोटंसुद्धा थंड पडली होती म्हणाला.

लालासाहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मग उठून हात जोडले. "आवं सुभेदार, घर चुकलं आमचं. वय झालं, काय वाचलं ध्यानात ऱ्हात न्हाई. मापी करा." पेढ्यांचा पुडा त्यांनी वीरधवलच्या आईच्या हातात दिला, आणलेत ते राहू द्या म्हणाले, आणि नारळाची पिशवी परत घेऊन गेले. वीरधवलची आई संध्याकाळपर्यंत म्हणत होती, चांगल्या घरचं माणूस दिसत होतं बिचारं, असं कसं झालं असेल. तिनं पेढा पुढं केला तेव्हा वीरधवलनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

हे ऐकून मी त्याला बोललो, आणि चांगलंच बोललो. म्हटलं, म्हाताऱ्याला त्याच्याच पाहुण्यांत तोंडावर पाडलंस आणि खांबासारखा उभा राहिलास. जनाची नाही तर मनाची तरी? फोन कर आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, करतो. केला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, करतो. त्याचं जेवण तुटलं होतं, डबा तसाच परत जायचा. लाज वाटते म्हणून फोन करवत नव्हता, आणि फोन केला नाही म्हणून जास्त लाज वाटत होती. अशा माणसाला किती हाणणार?

त्यानं एक केलं, शिवांजली काढून टाकली. बटणावर कंपनीचं नाव आलं. तर लोक विचारायला लागले, ताई कुठं गेल्या? सोडून गेल्या का? लग्न झालं का त्यांचं? शेठ म्हणाले, व्हय म्हणून सांग, झालं लग्न, विषय संपला. लोकांना ते लगेच पटलं. एकानं तर सुखी राहा असा निरोप ठेवला. दोघाचौघांना तसं लिहिल्यावर वीरधवलच्या मनात आलं, हेच लालासाहेबांनी विचारलं तर? त्यानं शेठला सांगितलं, मी हे लिहिणार नाही. शेठपुढं त्यानं शब्द काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

लालासाहेब बटणावर आले, पण त्यांनी ते विचारलंच नाही. सकाळीच आले. ठिपके हलले, हलत राहिले, आणि अक्षरं आली, डायफ्राम फाटलाय, पाठवा. बस्स. ना पोरी, ना ताई.

वीरधवलनं मला बोलावलं. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते असं, 'काका, शिवांजली नावाचं कोणी नव्हतं. मीच लिहीत होतो. माझं नाव वीरधवल.'

ठिपके हलले. थांबले. पुन्हा हलले. मग आलं, 'म्हाईत हाय. डायफ्राम कवा मिळंल?'

मी त्याला म्हटलं, हा डायफ्राम कुरिअरनं जाणार नाही. उठ.

माझ्या मोटरसायकलवर गेलो आम्ही. तासगाव मागं पडलं, बागा विरळ झाल्या, माळ लागला, आणि मग कालव्याच्या कडेनं पुन्हा हिरवं दिसायला लागलं. लालासाहेबांचा मळा रस्त्याला लागूनच होता. घर खरंच चांगलं बांधलेलं, पुढं शेड, शेडमध्ये ब्लोअर उघडा पडलेला. म्हातारा बाजेवर बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही, पण बसा म्हणाला.

वीरधवलनं त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले, आशीर्वाद मात्र दिला नाही. म्हणाले, "तुज्या घरातच कळलं मला. समदी माज्याकडं बगून हसत व्हती, तू एकटा खाली बगत व्हतास."

मग बोलला का नाहीत काका, असं वीरधवलनं कसंबसं विचारलं.

"तुजा बाप समोर बसला व्हता न्हवं. पोरापायी चार मानसांत खाली बगायला लागलं की बापाला कसं व्हतंय, त्ये मी दर सोयरिकीला बगून येतोय. आनखी एकाला कशाला बगायला लावू?"

वीरधवल रडत होता. म्हातारा त्याच्याकडं न बघता बागेकडं बघत होता. म्हणाला, पाहुण्यांत माझं हसू व्हायचं ते झालं, मी म्हातारा माणूस, पचवीन. शंभूराजला म्या घर चुकलं आसंच सांगितलंय. फुडचं तुजं तू बग.

तेवढ्यात शंभूराज बागेतून आला. उंच, काळासावळा, हाताला बोर्डो औषधाचा निळा डाग. कंपनीची माणसं म्हटल्यावर त्यानं हात धुतले, आत जाऊन पाणी आणलं आणि स्वतःच आमच्यापुढं धरलं. डायफ्रामचा खोका बघून मान हलवली. मग जरा घुटमळला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि बापासमोर विचारायला जड जात होतं. वीरधवल त्याच्याच वयाचा, म्हणून असेल, तो त्याच्याकडं वळला.

"दादा, त्या शिवांजली म्याडम तुमच्यातच हाईत न्हवं? बाबांचं घर चुकलं म्हना. एक इचारू का? बाबांनी त्यास्नी एकदा इचारलं व्हतं, मळ्यात ऱ्हायला तुमा पोरींना नको का वाटतं? त्यांनी लिवलेलं बाबांनी मला तवाच्या तवा दावलं व्हतं. मला आवडंल काका, गर्दीत मला बोलायला येत न्हाई, मळ्यात मी सुखानं ऱ्हाईन, आसं." तो थांबला. "त्ये त्या आपल्या मनानं लिवल्या व्हत्या का कंपनी तसं लिवायला सांगती?"

हे वाक्य मला ठाऊक नव्हतं. वीरधवलनं मला ते सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. लग्न झालं तिचं, एवढं म्हटलं असतं तर सुटला असता तो. त्यानं आधी लालासाहेबांकडं पाहिलं. म्हातारा काही त्याच्या मदतीला आला नाही.

"शिवांजली म्हणून कोन न्हाई," वीरधवल म्हणाला. "समदं मीच लिवत व्हतो. कंपनीनं त्ये लिवायला सांगितलं न्हवतं. त्ये माज्या मनातलं व्हतं. पन मी..."

मला वाटलं शंभूराज अंगावर येईल. मी तयारच होतो. आला असता तर मी मध्येही पडलो नसतो. पण तो नुसता उभा राहिला. वीरधवलकडं बघत, मग बापाकडं, मग परत वीरधवलकडं. हळूहळू त्याचा चेहरा असा झाला की मी मान वळवली.

"म्हंजी आसं म्हननारी पोरगी कुटं न्हवतीच," तो म्हणाला.

त्यानं डायफ्रामचा खोका उचलला आणि तो शेडमध्ये ब्लोअरकडं गेला.